तिसरा सेल

मतदान झालं आणि कालिंदी हरली. यात बातमी काही नव्हती. त्या मोसमात ती प्रत्येक मतदान हरत आली होती. दुपारी बांगडा खायचा की सुरमई, होडी सकाळी सोडायची की उन्हं उतरल्यावर, होडीवाल्या इनासच्या रेडिओवर क्रिकेट चालू ठेवायचं की बंद करायचं, कुठलाही विषय घ्या, निकाल दोन विरुद्ध एक. मत मागवण्याची पद्धत जयवंतने आणली होती, कारण तो लोकशाहीचा मोठा भोक्ता होता. ज्याच्या खिशात आधीच बहुमत असतं तो बहुधा असतोच.

होडी बोडक्या खडकापाशी नांगरली होती. किनारा मागे पुसट रेघेसारखा दिसत होता. मधल्या फळीवर माझं पाण्याखालचं श्वासाचं यंत्र उघडं पडलं होतं, ऑपरेशनला घेतलेल्या पेशंटसारखं, आणि त्याच्या पोटात बोट घालून कालिंदी बसली होती.

"हे सेल सगळे एकाच पाकिटातले आहेत," ती म्हणाली. "म्हातारे होतील ते बरोबरच होतील. आणि चुकले तर सारखेच चुकतील."

"म्हणजे पुरूसारखे आणि माझ्यासारखे," जयवंत म्हणाला.

"मी सेलबद्दल बोलत्येय."

पुरू म्हणजे मी. पुरुषोत्तम हे नाव आजोबांनी हौसेने ठेवलं, पण ते पूर्ण उच्चारायला कुणाला कधी सवड झाली नाही. जयवंत नाबर आणि मी एकाच कॉलेजात एकाच बाकावर बसून सागरी जीवशास्त्र शिकलो, एकाच वर्षी पास झालो आणि एकाच सरांनी आम्हाला एकाच प्रकल्पाला चिकटवलं. कालिंदी बांदिवडेकर मागाहून आली. मूळची वेंगुर्ल्याची, शिकलेली मात्र परराज्यात, विषय ध्वनी. प्रकल्प माशांच्या आवाजाचा असल्यामुळे आवाजातलं कळणारं कुणीतरी हवं, असं वरिष्ठांना दोन वर्षांनी सुचलं होतं.

आम्ही घोळ माशाच्या मागावर होतो. घोळ गाते. गाते म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून घुमते. पावसाळ्याआधीच्या मोजक्या संध्याकाळी, वीण चालू असताना, नर खडकाच्या कपारीत जमतात आणि सूर्य बुडता बुडता सगळे मिळून घुमायला लागतात. इनासचा बाप म्हणे वल्ह्याचं एक टोक पाण्यात घालून दुसरं कानाला लावायचा आणि मासा कुठल्या अंगाला आहे ते सांगायचा. इनास हा आमचा तांडेल. तो कानाला फक्त रेडिओ लावायचा.

तो जमावाचा आवाज आम्हाला टेपवर हवा होता. होडीतून नुसता माइक सोडला तर बुडावर थपडा मारणाऱ्या लाटा ऐकू येत. माइक कपारीच्या तोंडाशी नेऊन ठेवायला, आणि गातंय कोण ते डोळ्यांनी बघायला, माणूस खाली जाणं भाग होतं. आणि पाठीवर साधी टाकी घेऊन माणूस खाली गेला की प्रत्येक उच्छ्वासाला बुडबुड्यांचा लोंढा सुटतो आणि मासे गप्प होतात. पहिली दोन वर्षं आम्ही मोठ्या निष्ठेने स्वतःचेच बुडबुडे रेकॉर्ड केले.

म्हणून रीब्रीदर आले. हे यंत्र माणसाने सोडलेला श्वास फुकट जाऊ देत नाही. तो ते एका डब्यातल्या चुन्याच्या दाण्यांतून फिरवतं, चुना त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, माणसाने जेवढा ऑक्सिजन वापरला तेवढाच एक छोटी झडप 'टक' करून परत भरते, आणि तोच श्वास पुन्हा तोंडात. बुडबुडा नाही, आवाज नाही, उधळपट्टी नाही. याचा शोध पुण्यात लागला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

ते चालवायला आम्हाला नौदलातून निवृत्त झालेल्या खानोलकरांनी शिकवलं. एका पोहण्याच्या तलावात, काठावर खुर्ची टाकून. त्यांचं म्हणणं असं की साध्या टाकीतली हवा संपत आली तर छातीला कळतं, या यंत्रात मात्र कशालाच काही कळत नाही. ऑक्सिजन कमी पडला तर माणूस समाधानाने झोपी जातो. जास्त झाला तर अंगाला झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. दोन्हीच्या आधी त्याला अगदी छान वाटत असतं. तेव्हा छान वाटण्यावर विश्वास ठेवायचा नाही, मनगटावरच्या आकड्यावर ठेवायचा, आणि तो सारखा बघत राहायचं. श्वास आपोआप चालतो, बघणं आपोआप चालत नाही. "एक पॉइंट सहाच्या वर गेलात तर मला फोन करू नका," ते म्हणायचे. "तुमच्या घरी मलाच करावा लागेल."

हा आकडा म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब, आणि तो यंत्राच्या पोटातले तीन सेल मोजतात. तीन अशासाठी, की एक बिघडला तर कळावं. तिघांतले दोन जुळले की यंत्र तिसऱ्याला वेड्यात काढतं आणि दोघांचं ऐकून झडप चालवतं. आम्हाला ही व्यवस्था फार आवडली. जयवंत तर म्हणाला, घटनेतही इतकं स्वच्छ लिहिलेलं नाही. त्यावर खानोलकरांनी खुर्चीतून वाकून त्याच्याकडे पाहिलं होतं. "एकटा पडलेला खराच असतो असं मी म्हणत नाही. पण तो एकटा का पडला ते बघितल्याशिवाय पुढचा श्वास घ्यायचा नाही."

कालिंदीने ते वाक्य ऐकलं. आम्ही दोघांनीही ऐकलं, पण आम्हाला ते मागच्या बाकावरून ऐकायची सवय होती.

तर नवे सेल मुंबईला कस्टमच्या गोदामात अडकले होते. तिच्या यंत्रात निरनिराळ्या वयाचे तीन सेल होते. ती ते मुद्दाम तसे ठेवायची आणि आम्ही त्याला तिची अंधश्रद्धा म्हणायचो. माझ्या यंत्रातले तिन्ही एका पाकिटातले, मुदत संपत आलेले. तिचं म्हणणं, आज पुरूने उतरू नये. आमचं म्हणणं, वारा फिरलाय, इनास उद्या होडी पावसाळ्यापुरती वर ओढून झापांच्या छपराखाली घालणार, समुद्र बंद म्हणजे प्रकल्पही बंद, कारण पुढच्या वर्षाचे पैसे मंजूर करणारे साहेब टेप मागत होते. आणि एकट्या माणसाने खाली जायचं नाही हा तर तिचाच नियम. शिवाय सकाळी तपासणीत तिन्ही सेल चोख उतरले होते.

"वर चोखच उतरणार," ती म्हणाली. "खाली दाब वाढल्यावर सांगता येईल का त्यांना, ते बघ."

"कुणाला विचारू? सेलना?" जयवंत म्हणाला, आणि त्याने मत मागवलं.

हात खाली आले. तिने आपल्या पिशवीतून, स्वतःसाठी राखून ठेवलेला एकुलता नवा सेल काढला, माझ्या यंत्रातला एक जुना उपसून त्या जागी तो बसवला आणि झाकण आवळलं. यावर मतदान झालं नाही.

"निदान एक तरी शहाणा असू दे आत," ती म्हणाली.

इनासने रेडिओ कानापासून जरा लांब धरला. "जाऊचा तर आता जावा," तो म्हणाला. "काळोख पडल्यार मी खडकाकडे होडी ठेवूचंय नाय. आणि बाय, तो चुनो उरलो तर माका जरा दी. तंबाखूक."

कालिंदीने त्याला सांगितलं की या चुन्याने तोंड भाजेल. तो म्हणाला, मगे तुमी तो पाठीक लावन कित्याक फिरतास. 

खाली हिरवट, मावळता उजेड होता. मी माइक कपारीच्या तोंडाशी ठेवला. त्याची वायर सरळ वर जयवंतच्या कानापर्यंत गेली होती; तो होडीत हेडफोन चढवून टेपजवळ बसला होता. कालिंदी माझ्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर. दोघंही वाळूत गुडघे टेकून बसलो, देवळात बसतात तसे.

बराच वेळ काही झालं नाही. खडकातल्या झिंग्यांची चटचट, लांबून एखाद्या इंजिनाची घरघर, आणि मधूनच माझ्या पाठीवरची झडप. टक. मग कपारीच्या आतून, अंधारातून, कुणीतरी ढोलकीच्या शाईवर बोट आपटून पाहावं तसा एक आवाज आला. थांबला. पुन्हा आला. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. मग तिसऱ्याने. आणि मग सगळा खडकच घुमायला लागला. तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच. तो बरगड्यांत ऐकू येतो. हातभर लांबीचे चंदेरी मासे एकामागून एक कपारीच्या तोंडाशी आले, आम्हाला पाहिलं, आणि आम्ही बुडबुडे काढत नाही असं बघून आम्हाला दगड समजून गात राहिले.

माझे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं, मी भारावलोय. मी सहसा भारावणारा माणूस नाही, त्यामुळे तुलना करायला जवळ काही नव्हतं.

मी आकडा बघत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळ्यांना वाटलं की मी विसरलो असणार. विसरलो नाही. यंत्राला एक पॉइंट दोन राखायला सांगितलं होतं. पडद्यावर पहिला सेल एक पॉइंट एक, दुसरा एक पॉइंट एक, तिसरा एक पॉइंट तीन. म्हटलं, तिसरा नवा आहे, रुळायला वेळ लागतो. थोड्या वेळाने पाहिलं, दोघं तिथेच, तिसरा दीड. म्हटलं, नव्यांना उत्साह असतो. पुन्हा पाहिलं, तेव्हा तिसऱ्याच्या शेजारी यंत्राने बारीकशी खूण केली होती, म्हणजे हा इसम मोजदादीतून वगळला आहे. मला हायसं वाटलं. घोळी गात होत्या, आम्ही दोघं तिथे होतो, आणि पाठीवर झडप आपलं काम करत होती. टक. टक. टक.

कालिंदीने मान वळवली.

नंतर मी याचा पुष्कळ विचार केला आहे. दोन वर्षं ज्या गाण्यासाठी आम्ही खारं पाणी प्यायलो ते कानावर पडत होतं, सगळा खडक गात होता, आणि ही बाई माझी झडप ऐकत होती. तिची स्वतःची झडप मधूनच एकदा वाजायची. माझी टंकलेखनाच्या परीक्षेला बसल्यासारखी सुटली होती.

तिने माझं मनगट धरलं, पडदा स्वतःकडे वळवला, पाहिला, आणि माझ्या काचेसमोर धरून तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. एक पॉइंट नऊ. मी मान हलवली. डाव्या हाताची दोन बोटं वर केली, उजव्या हाताचं एक, आणि ते एक खाली केलं. पाण्याखाली इतकं स्पष्ट मतदान कुणी घेतलं नसेल.

तिने बगलेतल्या अडीअडचणीच्या टाकीकडे बोट दाखवलं: यंत्र सोड, ती तोंडात घे. मी कपारीकडे बोट दाखवलं. ती टाकी म्हणजे बुडबुडे, आणि बुडबुडे म्हणजे गाणं बंद. पुन्हा मान हलवली.

तेव्हा तिने माझ्या कमरेमागे हात घातला आणि माझ्या ऑक्सिजनची चावी बंद करायला लागली.

पाण्याखाली कुणी आपला ऑक्सिजन बंद करू लागलं तर त्याला हेतू विचारायची सोय नसते. मला पहिला विचार आला तो मघाच्या मतदानाचा. दुसरा, त्या आधीच्या सगळ्या मतदानांचा. मी तिचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. ती माझ्यापेक्षा बारीक होती, पण ती घाबरलेली नव्हती आणि मी होतो, त्यामुळे चावी फिरली. मग तिने दुसऱ्या हाताने माझ्या छातीवरचं साध्या हवेचं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. श्वासाची पिशवी फुगली, भरली, आणि जास्तीची हवा धबधब्यासारखा आवाज करत माझ्या खांद्यावरून सुटली.

हेडमास्तर वर्गात शिरावेत तसा खडक गप्प झाला. मासे क्षणभर दिसले आणि दिसेनासे झाले.

पडद्यावर तिन्ही आकडे घसरले आणि एका जागी येऊन थांबले. शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट सहा. त्या खोलीवर साधी हवा असली की तेवढाच आकडा यायला हवा. तिघांचं संपूर्ण एकमत. मी ते तिच्यासमोर नाचवलं. काय बिघडलंय? कोण खोटं बोलतंय? गाणं मोडलंस, मला मारत होतीस, आणि हे बघ, तिघं एकच सांगतात.

तिने मला थांबायची खूण केली. मला पटल्याशिवाय मी यंत्र सोडणार नाही हे तिला ठाऊक होतं. एवढ्या महिन्यांत तिने आमचा अभ्यास घोळीपेक्षा जास्त केला होता. माझं मनगट दोघांच्या मध्ये धरून तिने ऑक्सिजनची चावी हळूच थोडी उघडली. झडप वाजायला लागली. आकडे चढायला लागले, तिघं बरोबर, शाळेच्या कवायतीसारखे. शून्य पॉइंट आठ. नऊ. एक. एक पॉइंट एक.

मग पहिले दोन तिथे थांबले आणि तिसरा चालत राहिला. एक पॉइंट एक, एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन. टक. एक पॉइंट एक, एक पॉइंट एक, एक पॉइंट तीन. टक. टक. दोघं खोटं बोलत नव्हते. त्यांच्यात याहून जास्त सांगायची ताकदच उरली नव्हती. खाली, सोप्या आकड्यांपर्यंत, तिघांचं जुळत होतं. अवघड जागा आली की दोघं एकाच पायरीवर बसत, आणि यंत्र त्यांचं ऐकून, अजून कमीच आहे असं समजून, भरत राही. एक पॉइंट दोन कधी येणारच नव्हता. मी तिथे बसून, दर थोड्या वेळाने अगदी शिस्तीत आकडा बघत, मेलो असतो.

कालिंदीने चावी बंद केली. अडीअडचणीच्या टाकीची नळी माझ्या तोंडासमोर धरली. या वेळी मी घेतली.

आणि तिच्यातून पहिला श्वास ओढताना माझ्या लक्षात आलं, की गाणं केव्हाच थांबलंय आणि ओठ अजून थरथरतायत. खानोलकरांनी खुर्चीतून तेही सांगितलं होतं. झटके यायच्या आधी काही खूण मिळालीच, तर ती ओठांवर मिळते. सगळ्यांना मिळत नाही.

वर आलो तेव्हा सूर्य अर्धा बुडाला होता. इनासने मला काखेत हात घालून होडीत ओढलं आणि न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. जयवंत एकाच वेळी संतापलेला आणि आनंदात होता, त्यामुळे त्याला कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं. बुडबुडे कुणी सोडले? ऐन रंगात आलेलं गाणं तुम्ही मोडलंत. पण ते जाऊ दे, त्याआधीचं ऐका. त्याला एक नवा आवाज मिळाला होता. घोळीचा नव्हे, झिंग्यांचाही नव्हे, आजवर कुणी नोंदवलेला नाही. आधी सावकाश, मग घाईने, मग आणखी घाईने. नक्कीच विणीशी संबंधित असणार. त्याने टेप मागे घेतली आणि हेडफोन कालिंदीच्या कानाला लावला.

ती ऐकत राहिली. केसांतून पाणी टेपवर ठिबकत होतं आणि जयवंत ते सदऱ्याच्या टोकाने पुसत होता.

"जवळून आल्यासारखा वाटतो ना?" तो म्हणाला. "कपारीच्या अगदी बाहेर बसलेला असणार. दिसला का तुम्हाला?"

"दिसला," कालिंदी म्हणाली. तिने हेडफोन काढून माझ्याकडे दिला. "पुरूच्या पाठीवर होता. ती त्याच्या ऑक्सिजनची झडप आहे, जयवंता."

जयवंत हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने माझ्या यंत्राकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून आनंद उतरत गेला. त्यानेही खानोलकरांचे धडे घेतले होते. जोडायला फार वेळ लागला नाही. तो खाली बसला. हेडफोनमधून टकटक तशीच चालू होती, आता आम्हा तिघांनाही पुरेशी ऐकू येत होती.

"मी आवाज वाढवत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, अजून जवळ येईल."

इनासने नांगर उचलला. परतताना कालिंदी मध्येच म्हणाली की गाणं मोडलं त्याबद्दल सॉरी. मी तिचे हात धरले आणि किनाऱ्याला लागेपर्यंत सोडले नाहीत. इनासने रेडिओ बंद केला. तोही मतदानाशिवाय.

पुढच्या वर्षाचे पैसे मिळाले. मोडकी का होईना, टेप होती. आम्ही नवे सेल घेऊन, प्रत्येक यंत्रात वेगवेगळ्या पाकिटांतले घालून, पुन्हा बोडक्या खडकावर गेलो. पण त्या वर्षी आमच्याआधी मोठ्या जाळ्यांच्या बोटी तिथे पोचल्या होत्या. घोळीच्या पोटातल्या ज्या पिशवीवर ती गाते, त्याच पिशवीला परदेशात सोन्यासारखा भाव असतो. आम्ही कपारीसमोर गुडघे टेकून संध्याकाळमागून संध्याकाळ बसलो. झिंगे चटचटत होते. माझी झडप मधूनच एकदा वाजायची, आणि ती वाजली की कालिंदीची मान किंचित वळायची.

तिची मान तशी वळणं पुढे कायमचं झालं. ती माझ्या घरी राहायला आली, किंवा मी तिच्या. यावर मतदान झालेलं नाही, कारण दोघांच्या घरात ते घेता येत नाही. आता तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. घरात मी त्या बाजूला बसतो असं तिचं म्हणणं आहे.

परवा जयवंत आला होता. संचालकपदावरून निवृत्त झालाय, केस गेलेत, लोकशाहीवरचा विश्वास तेवढा शाबूत आहे. कामही लोकशाहीचंच घेऊन आला होता. कुठल्याशा विद्यापीठात जुन्या आवाजांचा संग्रह करतायत. बोडक्या खडकावरची घोळ जगात फक्त आमच्या टेपवर गाते आहे, तीही अर्धवट. तिथल्या मुलांनी पत्राने विचारलंय की मधली टकटक आणि ते बुडबुडे कॉम्प्युटरवर पुसून टाकू का? नुसते मासे उरतील, अगदी स्वच्छ.

"माझं मत, पुसा," जयवंत म्हणाला. "माझ्या नव्या माशाची शोभा जगापुढे कशाला?"

मी कालिंदीकडे पाहिलं. ती चहा गाळत होती.

"पुसायला काय हरकत आहे," ती म्हणाली. "माशांचं ऐकायचंय त्यांना. आपला गोंधळ कशाला ऐकतील?"

दोघं झाले. जयवंतने सवयीने माझ्याकडे पाहिलंच नाही. माझं मत त्याने गेल्या शतकापासून धरलेलं असतं. तो पिशवीतून कागद काढायला लागला.

"माझा विरोध आहे," मी म्हणालो.

मला कारण विचारतील असं वाटलं होतं, आणि सांगण्यासारखं कारण माझ्याजवळ नव्हतं. म्हणजे होतं, पण ते चहाबरोबर सांगण्यासारखं नव्हतं. त्या टेपवर सगळे जण मासे ऐकतात. मी पहिल्या बुडबुड्यांच्या नंतरचा, चावी बंद असतानाचा तेवढाच भाग ऐकतो, जिथे काहीच नाही. रीब्रीदरमधल्या श्वासाचा आवाज येत नाही, पण त्या शांततेत दोन माणसं श्वास घेतायत हे मला माहीत आहे. आधीची टकटक पुसली तर ती शांतता नुसतीच शांतता उरेल.



"दोन विरुद्ध एक," जयवंत म्हणाला आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

कालिंदीने चहाची गाळणी खाली ठेवली. ती माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी माझ्या मनगटावरच्या तिसऱ्या आकड्याकडे बघितलं होतं तशी.

"थांब, जयवंता," ती म्हणाली. "हा एकटा पडलाय."

"मग?"

"मग बघायला हवं," ती म्हणाली, आणि उजवा कान माझ्याकडे करून बसली. "लाव ती टेप."